मागच्या सीटवर आर्सेसिओ

रविवार, १२ फेब्रुवारी

निडिया म्हणते, रोज चार ओळी तरी लिही, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. तर चार ओळी. उकाडा आहे. पंख्यावर धूळ साचली आहे. ती धूळ माझ्या अंगावर पडते. मला माझ्या अंगाची किळस येते. झाल्या चार.

शनिवार, १८ फेब्रुवारी

निडिया इबागेहून न सांगता टपकली. आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, मग फ्रिज उघडला आणि नाकाला पदर लावावा तसा शर्ट वर ओढला.

"आई, या बुरशीचं बारसं केलंस का? चांगली वाढलीये."

"राहू दे. मी काढणार होते."

"शेवटची घराबाहेर कधी पडली होतीस?"

"पडले होते की."

"कधी?"

"नाताळात."

तिने फ्रिज पुसायला घेतला. हे तिचं पुसणं मला सहन होत नाही. बाहेर आहे तरी काय? ट्रकचा धूर, घामट माणसं, आणि 'बाई, कशा आहात?' म्हणत पोटाकडे बघणाऱ्या बायका. शाळेनं खेळाच्या मास्तरीणबाईंना हार घालून घरी पाठवलं, तेव्हाच मी सगळ्यांना शेवटचं पाहून घेतलं.

दुपारी ती अंगणात जाऊन फोनवर बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. नर्स आहे. असेल एखाद्या पेशंटचं काही.

रविवार, १९ फेब्रुवारी

आज दारात आर्सेसिओ उभा! अकरा वर्षांपूर्वी ज्या नवऱ्याला मी पेटीसकट बाहेर काढला, तोच. लोकांना वाटतं, तेव्हा दुसरी बाई होती. बाई असती तर सोपं गेलं असतं. हा माणूस सूप ओढताना जो आवाज करतो तो मला एक दिवस ऐकवेना, एवढंच.

आता त्याला दिसत नाही. डोळ्यांमागचा पडदा आक्रसत गेला, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली होती. मी सांगितलं नाही.

"मास्तरीणबाई, मला लेत्रासचा घाट चढायचाय."

"बसने जा."

"सायकलने चढायचाय."

"मग मर."

"तेच टाळायचंय. तुलिओच्या दुकानात एक जोडसायकल पडून आहे. पुढे डोळस माणूस, मागे मी. तू शर्यती मारलेली बाई, म्हणून आलो."

"गावात दुसरं कोणी मिळालं नाही?"

"दोघं मिळाले. दोघंही पळाले."

"घाट केवढा आहे ते तरी माहितीये का?"

"असेल हजारभर मीटर."

हजारभर! इथून मारिकितातून निघालं की ऐंशी किलोमीटर नुसतं वर वर जायचं, आणि माथा साडेतीन हजारांच्याही वर. ज्याचं म्हणे आयुष्यभराचं स्वप्न, त्याला उंचीसुद्धा धड माहीत नाही. मी दार लावायला निघाले.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "तुझ्याच्याने कुठं होणार आता. निडिया म्हणाली, जिन्याच्या चार पायऱ्यांत धापा टाकतेस."

"बाबा! मी असं काही म्हटलं नाही," आतून निडिया.

एक रविवार. एकच जाईन आणि त्याच्या तोंडावर दाखवून येईन.

रविवार, २६ फेब्रुवारी

सायकलचा रंग नासक्या गाजरासारखा. माझ्या मांड्या जुन्या चड्डीत कोंबल्या, तशा कणकेच्या गोळ्यासारख्या दोन्ही बाजूंनी बाहेर आल्या. तुलिओने नजर वळवली. त्याचे आभार मानावेत की थोबाडीत द्यावी, कळेना.

निघण्याआधी आर्सेसिओ दुकानामागे जाऊन ओकला. सकाळी उठून हादडलं असणार. मला म्हणाला, "अंडी जड गेली." तोंडही धुतलं नाही. त्या तोंडाचा वास पूर्ण वाटभर माझ्या मानेवर.

ओंदाच्या रस्त्याने गेलो, सपाट आहे म्हणून. मागचा माणूस आंधळा असला की पुढच्याने सतत बोलावं लागतं. खड्डा. उजवीकडे. थांबतेय. पाय थांबव. शाळा सुटून दोन वर्षं झाली, मला एवढं बोलायची सवय राहिलेली नाही, घसा बसला. आणि तो एक शब्द बोलत नव्हता. नुसता दगड. नदीच्या पुलापर्यंत जाऊन परत फिरलो. उतरताना त्याचे गुडघे लटपटत होते. म्हणजे जोर लावायची सवय नाही.

दाखवलं त्याला. संपलं.

मंगळवार, ७ मार्च

पुन्हा गेले. का, ते माझं मलाच विचारू नये. काल संध्याकाळी तो बेकरीत बसून सगळ्यांना सांगत होता म्हणे, "पुलावर बाई थांबल्या. पोट आडवं आलं." तुलिओने येऊन मला सांगितलं. आज पुलाच्या पुढे चढावरच्या पेट्रोल पंपापर्यंत नेला त्याला फरफटत.

बसायच्या जागी कातडं सोललंय. तुलिओने मलम दिलं. गाईच्या आचळांना लावतात ते. गोठ्याचा वास येतो. आयुष्यात एवढंच लावायचं राहिलं होतं.

रविवार, १२ मार्च

आजही ओकला. दर वेळी ओकतो. निघण्याआधी हमखास. माणसानं खावं किती?

फ्रेस्नोच्या चढाला लागलो आणि पहिल्याच वळणांत माझा जीव गेला. मेलेला कुत्रा, त्याच्यावर माशा, ट्रकचं काळा धूर ओकणारं नळकांडं बरोबर तोंडासमोर, आणि खिशात वितळलेली पेरूची वडी कागदासकट बोटांना चिकटलेली. ती तशीच चाटून खाल्ली. मी. जी केळंही काट्याने खायची.

"थांबूया का?" त्याने विचारलं.

"थांब."

"बरं झालं म्हणालीस. मागून पावाची गाडी येतेय, ती हळू चालवणारी म्हातारी. तिला पुढे जाऊ दे, उगाच तिची खोटी नको."

मी थांबले नाही. पावाच्या गाडीला पुढे जाऊ दिलं नाही. वरच्या फळांच्या टपरीपाशी पोचलो, तेव्हा डोळ्यापुढे काजवे होते. त्याला म्हटलं, "कुठाय तुझी म्हातारी?"

"गेली असेल दुसऱ्या रस्त्याने," तो म्हणाला. दुसरा रस्ताच नाही तिथे.

गुरुवार, २३ मार्च

तुलिओ दुकानात कुरकुरत होता. मागच्या हँडलचं रबर पार फाटलंय. "रुबिएलाबाई, मागचं हँडल वळत नाही की काही नाही. नुसतं हात टेकायला असतं. हे इतकं आवळून धरतो कशाला हा माणूस?"

वस्तू नासवायची त्याची जुनी खोड. माझ्या आईने दिलेली सुरीही अशीच घालवली.

तुलिओ पुढे म्हणाला, "खरं सांगू, मी त्याला उभ्या जन्मात सायकलवर बसलेला पाहिला नाही. फळबाजारात होता तेव्हाही पायीच. आम्ही हसायचो त्याला." तरी म्हणे आयुष्यभराचं स्वप्न! मी हे आर्सेसिओला तोंडावर म्हटलं. तो म्हणाला, "स्वप्नं उशिरा पडतात काही लोकांना." मला असल्या बोलण्याने मळमळतं.

खिडक्या हल्ली उघड्याच ठेवते. घामट कपडे वाळत नाहीत नाहीतर.

रविवार, २६ मार्च

पडलो. चौकात, सगळ्यांच्या देखत, सायकल जवळजवळ उभी असताना. सिग्नलला थांबताना मी त्याला सांगायला विसरले. माझा पाय टेकला, त्याचा बूट पेडलमधून सुटला नाही, दोघंही आडवे. त्याचं कोपर फुटलं. माणसं हसली. एक बाई धावत आली आणि मलाच म्हणाली, "अहो, दिसत नाही का तुम्हाला?"

तो रस्त्यावर पडून ओरडत नव्हता. काहीच करत नव्हता. तोंड पांढरं, दोन्ही हातांनी डांबर धरून ठेवलेलं. मी दोनदा हाक मारली तेव्हा म्हणाला, "जमीन आहे ना ही?"

मला माझा इतका तिटकारा आला की घरी येऊन बूट न काढताच पलंगावर पडले.

शुक्रवार, ७ एप्रिल. गुड फ्रायडे

शेजाऱ्यांकडे मासे. सबंध गल्लीत वास. अजून पलंग. निडिया फोन करते, मी उचलत नाही. फ्रिजमध्ये काय आहे ते बघितलेलं नाही, बघणारही नाही. खिडकी बंद केली आहे, माशांमुळे.

रविवार, ९ एप्रिल

सकाळी मिरवणुकीची घंटा वाजत होती आणि त्याच्यावर एक आवाज.

"रुबिएला ओसोरिओचं घर हेच का?"

"नाही हो, पुढचं," शेजारीण म्हणाली. त्याआधी समोरच्यांनी 'नाही' म्हटल्याचं ऐकलं. त्याआधी कोपऱ्यावरच्यांनी. काठी ठोकत, तीन चुकीची दारं वाजवत सबंध गाव ओलांडून आला होता, हाताला पट्टी. कुणाला सोबत घेतलं नव्हतं. आणि माझ्या खिडकीखाली उभा राहून, सणाचे कपडे घातलेल्या लोकांच्या समोर:

"म्हशीला उठवायला आलोय! पंधरा दिवस चिखलात बसलीये!"

मी उशी तोंडावर घेतली.

"राज्याच्या शर्यतीत तिसरी आली होती म्हणे! तेव्हा एकूण किती बायका होत्या, चार?"

एकतीस. एकतीस बायका होत्या. मी खिडकी उघडून ओरडले. सगळ्या गल्लीने ऐकलं. मिरवणुकीतले लोक वळून बघायला लागले.

"मग सिद्ध कर," तो म्हणाला.

दात न घासता, कालच्याच कपड्यांत त्याला तुलिओकडे ओढत नेला. तुलिओने ईस्टरची सुट्टी असून दुकान उघडलं. आर्सेसिओ ओकला, मी पाठ फिरवली, आणि तिथून फ्रेस्नोच्या चौकापर्यंत एकदाही पाय न टेकता गेलो. चर्चसमोर पोचल्यावर मला रडू आलं. रागाने.

लोक म्हणतात चिकाटी लागते. मला विचाराल तर सकाळी उपाशीपोटी दोन वाट्या संताप. बाकी काही लागत नाही.

रविवार, ३० एप्रिल

पादुआपर्यंत. पाऊस. चिखल दातांत. परतीच्या उतारावर तो देवाचं नाव घेत होता, मोठ्याने, एकसारखं. मी म्हटलं, "भक्ती कधीपासून?" म्हणाला, "वेळ घालवतोय." मी मुद्दाम ब्रेक सैल सोडले. देवाचं नाव बंद पडलं. खाली आल्यावर त्याचे हात हँडलवरून सुटत नव्हते, एक एक बोट मला उचलून काढावं लागलं. तळहातांवर फोड, काही फुटलेले. हातमोजे घाल म्हटलं तर विसरतो. असा माणूस.

बुधवार, १७ मे

एकटीने जिन्यावर दहा वेळा चढउतार. मग सॅलड. मग स्वतःला आरशात पाहिलं. अजून किळसवाणीच, पण वेगळ्या जागी.

निडियाने फोनवर विचारलं, "आई, चार जूनला तुम्ही घाट चढाल तेव्हा मी गाडी घेऊन मागे येऊ?" मी म्हटलं, "तुझ्या बापाचं खूळ आहे, त्याला विचार." ती म्हणाली, "विचारलं. ते म्हणाले, आईला विचार." दोघं मिळून माझं डोकं खातात.

रविवार, ४ जून

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहिते, उद्या कुणी म्हणायला नको की चढलीच नाही.

उजाडताना निघालो. निडिया आणि तुलिओ जुन्या रेनॉमध्ये मागे. आर्सेसिओ ओकला. तुलिओही कुजबुजला, "आज तरी उपाशी यायचं होतं की हो." आर्सेसिओ म्हणाला, "उपाशीच आहे." यावर कोण विश्वास ठेवणार?

फ्रेस्नोपर्यंत ऊन, मग धुकं, मग पाऊस, मग थंडी. त्याने पहिल्या तासापासून टोमणे सुरू केले ते पादुआ सुटलं तरी थांबले नाहीत. दुधाची गाडी, पावाची गाडी, एक गाभण गाय, कोण कोण आमच्या पुढे गेलं ते तो मला सांगत होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी सगळ्यांना मागे टाकत गेले.

देल्गादितासच्या पुढे मी संपले. तसं काही झालं नाही. पाय फिरायचे बंद झाले, बस. सायकल कडेला लावली, गवतात बसले आणि पेरूची वडी ओकून टाकली. नाकातून शेंबूड, ओठावर मीठ, चड्डीतून पाणी गळतंय. माझ्याहून ओंगळ प्राणी त्या डोंगरात दुसरा नसेल. मी टोमण्याची वाट पाहिली.

तो चाचपडत माझ्या शेजारी बसला. म्हणाला, "रुबिएला."

नावाने. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"रुबिएला, पुष्कळ केलंस. पुरे झालं. गाडीत बस. मला काही वाटणार नाही."

त्याचा आवाज इतका मऊ होता की मला शिसारी आली. आजाऱ्याशी बोलतात तसा. मला शाळेतून निरोप देताना मुख्याध्यापक बोलले होते तसा. मी त्याच्याकडे पाहिलं. दात वाजत होते, दाढीतून पाणी ठिबकत होतं, आणि मी 'हो' म्हणावं म्हणून तो मान पुढे करून ऐकत होता. अगदी आशेने.

"तुला उतरायचंय का?" मी विचारलं.

त्याने गवत मुठीत धरलं. मग म्हणाला, "मागे बसणाऱ्याला काय, तू म्हणशील तसं."

"मग बस मागे. आणि असं गोड बोलू नकोस. शिव्या दे."

"सुचत नाहीत आता."

"मग गप्प बस आणि पाय मार."

त्याने मारले. मला कळलं, कारण पहिल्यांदाच मागून जोर आला. नेहमी लोढण्यासारखा असायचा, आज वळणावळणाला ढकलत होता. आम्ही दोघंही बोललो नाही. फक्त मी म्हणायचे, "डावीकडे," आणि तो म्हणायचा, "हं."

माथ्यावर धुक्यात एक टपरी, तीन ट्रक आणि पाटी. पाटीचा फोटो निडियाने काढला, त्यात पाटी दिसत नाही. ती मला मिठी मारून रडत होती, मी म्हटलं, "घाण लागेल, दूर हो." झाली नाही. टपरीवाल्या बाईने गरम गुळाचं पाणी दिलं, आत चीजचे तुकडे. तीन पेले प्यायले. आर्सेसिओ पायरीवर बसून दोन्ही हात सिमेंटवर पालथे ठेवून होता.

"झालं ना तुझं?" त्याने विचारलं.

माझं? स्वप्न कुणाचं होतं?

तुलिओ म्हणाला, "पलीकडे मानिसालेसच्या बाजूला सुंदर उतार आहे. सायकलनेच जा. कमावलाय तुम्ही तो."

आर्सेसिओ उठून उभा राहिला. "चल," म्हणाला. पण तोंड त्या दिवशी चौकात होतं तसं पांढरं.

मी म्हटलं, "मी दमलेय. गाडीने जाऊ." मी खरंच दमले होते.

रविवार, ११ जून

आराम. कंटाळा. आरामाचासुद्धा वीट येतो हे माहीत नव्हतं.

रविवार, १८ जून

पहाटे तयार होऊन तुलिओकडे गेले. आर्सेसिओ नाही. त्याच्या खोलीवर गेले, बेकरीच्या वर भाड्याने राहतो. पायजम्यात कॉफी पीत बसला होता. ओकलेला नव्हता. गालावर चक्क रंग होता.

"चल. नवीन घाट शोधलाय."

"मी नाही येणार, मास्तरीणबाई. माझं झालं."

"झालं? चार महिने माझ्या मानेवर घाण श्वास सोडलास, आणि आता झालं?"

"तू जा ना. एकटीने जा. हलकी होशील माझ्यावाचून."

"कारण सांग."

त्याने कप ठेवला. टेबलाची कड शोधून, नीट. "मला भीती वाटते सायकलची. लहानपणापासून. पायाखाली जमीन नसली की पोटात कालवतं. आणि ते दिसणं गेल्यापासून तर... तुला हसू येईल, मी आंधळा असून पूर्ण वेळ डोळे घट्ट मिटून बसायचो."

मला हसू आलं नाही.

"दर रविवारी?"

"मंगळवारी पण."

"मग कशाला आलास? कोणी बोलावलं होतं तुला?"

तो खिडकीकडे तोंड करून बसला, जणू काही दिसतंय. "रविवारी घरी बसून करायचं तरी काय?"

काय हे उत्तर! मी दार आपटून निघाले. जिना उतरताना मला ओकारी आल्यासारखं झालं, भिंतीला टेकून उभी राहिले. कुणाची किळस वाटत होती ते ठरेना. त्याची म्हणावी तर नाही. मग उरतं कोण?

संध्याकाळी निडियाला फोन केला. म्हटलं, "तुझा बाप सायकलला घाबरतो, तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "आई, जेवलीस का?" या पोरीला सरळ उत्तर द्यायची सवयच नाही.

शनिवार, २४ जून

तुलिओने माझ्यासाठी एक सायकल बांधून दिली, एकटीची. फ्रेस्नोला जाऊन आले. हलकी आहे. मागे कोणी नाही. दोनदा "खड्डा" म्हणून ओरडले, कुणाला ते देव जाणे.

रविवार, २५ जून

सकाळी सायकल घरीच ठेवली. बेकरीवर जाऊन त्याला म्हटलं, "बूट घाल. साधे."

"कुठे?"

"कुठे नाही. चालायला."

"किती उंच आहे?"

"सपाट आहे. जमीन आहे. घाल बूट."

त्याने माझा दंड धरला. सैल धरला, बोटं नुसती टेकलेली. शर्टाची बटणं चुकली होती, ती मी रस्त्यात उभी राहून नीट लावली, लोक बघत होते तरी. फळांचा मोसम आहे. बाजारात साली, आंबलेला रस, चिलटं, पाय टाकावा तिथे बिचबिच. हा माणूस मध्येच थांबायचा, पेटीत हात घालायचा, फळ दाबून म्हणायचा, "हे उद्या पिकेल," आणि विकणाऱ्या बाया त्याला नावाने हाक मारायच्या. कोपऱ्यावर आम्ही सूप घेतलं. त्याने ते ओढलं. ईऽ.

वास असह्य होता. आम्ही बाजाराला दोन फेऱ्या मारल्या.